गोळ्यांसाठी गेलो, सल्ला घेऊन आलो

तेराव्या वर्षीच लेकीची उंची १७४ सेंटीमीटर झाल्याने, सासूबाईंच्या आग्रहावरून आम्ही मेलबर्नमधील एका बाल-हार्मोनतज्ज्ञांकडे गेलो. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढून, आता जेमतेम चार-पाच सेंटीमीटरच वाढ उरली आहे, हे त्यांनी तिलाच, आम्हाला नव्हे, समजावले. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या गोळ्यांच्या मोठ्या मात्रेने हाडांची वाढ लवकर थांबते खरी. परंतु ऑस्ट्रेलियात १९५९पासून असे उपचार घेतलेल्या मुलींना पुढे गर्भधारणेत अधिक अडचणी आल्याचे २००४च्या अभ्यासात आढळले, हेही त्यांनी दडवले नाही. गोळ्या लिहून दिल्या नाहीत, याचेच मला अप्रूप वाटले. शुल्क मात्र भरमसाट, आणि तासभर ताटकळावे लागले. तेवढ्यात लेकीने बाकाखाली पाय दुमडून अर्धे पुस्तक संपवले.