रिपीटची होडी की आर्गनची?

ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या या दोन्ही प्रकारच्या होड्या मी स्वतः केल्यात. पहिली १२ फुटी, रिव्हेट (दोन पत्रे जोडायला भोकात ठोकायची खीळ) मारलेली. आमच्याकडचे कारागीर रिव्हेटला ‘रिपीट’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. दुसरी १४ फुटी, आर्गन वेल्डिंगची, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात सांधे वितळवून जोडलेली. दोन्ही केल्या त्या दाभोळच्या खाडीत रविवारी गरी टाकायला, मिळाली तर तांबोशी, नाहीतर उन्हात बसल्याचं समाधान. फायबर का नाही, हा वाद इथे नको. ॲल्युमिनियम हे ज्याचं ठरलंय आणि सांधा कसा करायचा यावर जो अडलाय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

सांध्याचा निर्णय आधी घ्यावा लागतो, आकाराचा नंतर. मी पहिल्या वेळी उलटं केलं होतं. रिपीट मारायचं असेल तर २ मिलिमीटर पत्रा पुरतो. वेल्डिंग करायचं असेल तर ३ च्या खाली जाऊ नये, कारण २ मिलिमीटरला साध्या हाताने भोक पडतं. माझ्या दुसऱ्या होडीच्या बाजू ३ च्या आहेत आणि पोट ४ चं. साहजिकच पहिली होडी ६५ किलोच्या आसपास भरली आणि दुसरी, दोन फूट लांब असली तरी, दुपटीच्या वर. पहिली मी आणि भाचा उचलून टेम्पोत टाकायचो. दुसरीला चार माणसं लागतात, आणि ओहोटीला चिखलातून ओढायची तर चौघांनाही घाम फुटतो.

पत्राही वेगळा घ्यावा लागतो. ६०६१ टी६ या मिश्रधातूचा पत्रा रिपीटला उत्तम, पण वेल्डिंगच्या कडेला तोच पत्रा जवळपास निम्मी ताकद गमावून बसतो. वेल्डिंगला ५०८३ किंवा ५०५२ घ्यावा, तोही टेस्ट सर्टिफिकेट बघून. दुकानदाराच्या ‘ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम’ यावर जाऊ नये.

आकाराच्या बाबतीत मात्र दोघींना एकच नियम. पत्रा एका दिशेने वाकतो, दोन दिशांनी नाही. त्यामुळे फायबरच्या होडीची गोलाई विसरायची. पोट, बाजू आणि मागची पाटी हे वेगळे तुकडे कापून कडेला कड जोडायची. मी दोन्ही वेळी एकास दहा मापाचं मॉडेल लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचं केलं. जिथे कागद सुरकुतला, तिथे पत्राही रुसणार हे नक्की. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, हटकून सुरकुततो, कारण तिथे आपल्याला होडी देखणी हवी असते. पोटाला मधोमध थोडा उतार ठेवा, मी १० अंशांच्या आसपास ठेवला. अगदी सपाट पोट लाटेवर आपटतं, आणि फार उतार दिला तर होडी चिखलात कलंडून बसते.

आता बांधणी. रिपीटचं मोठं सुख म्हणजे घरच्या खळ्यात काम होतं. ड्रिल, हातोडा, फटी बुजवायला पीयू सीलंट आणि एक सहनशील माणूस. भरीव रिपीट मारायचं तर एकाने बाहेरून ठोकायचं आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. माझ्या होडीला सहाशेच्या वर लागले. नाळेच्या आत, कोपर दुमडून, ठोकळा धरून बसलेला भाचा दर दहा मिनिटांनी विचारायचा, “मामा, अजून किती?” एकट्याने करता येणारे पॉप रिपीटही मिळतात, पण साध्या पॉप रिपीटच्या पोटात बऱ्याचदा लोखंडी खिळ्याचा तुकडा राहतो आणि खारं पाणी त्याला सोडत नाही. घ्यायचेच तर बंद टोकाचे घ्या.

वेल्डिंगचं दुःख वेगळं. लोट्याच्या एमआयडीसीमुळे आमच्या भागात आर्गनचे कारागीर भरपूर, स्टीलच्या पाइपांवर त्यांचा हात बसलेला. पण बहुतेकांकडे मशीन डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो थर असतो तो दोन हजार अंशांपुढे वितळतो आणि त्याखालचा धातू ६६० लाच. तो थर फोडत जायला एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचं, मशीन हवं. ते शोधण्यात माझे तीन महिने गेले. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या दुप्पट पसरतं. एका कडेने सरळ शेवटपर्यंत वेल्ड मारत गेलात तर पोट पापडासारखं फुगेल. आधी सगळीकडे टाके, मग डावीकडे वीतभर, उजवीकडे वीतभर, असं करत जायचं. एवढं करूनही माझ्या होडीचं पोट डावीकडे एके ठिकाणी जरा बसलंय. रंगाखाली दिसत नाही, मला दिसतं.

इथवर तराजू रिपीटकडेच झुकतोय. मलाही तसंच वाटायचं.

मग गळती. होडी बुडेल अशी नव्हे. सकाळी निघताना कोरडी असायची आणि दुपारी परतताना पायाखाली तांब्याभर पाणी. पहिल्या वर्षी एक थेंब नाही. दुसऱ्या वर्षी होडीला ९.९ हॉर्सपॉवरचं मशीन (इंजिन) लावलं आणि सुरू झालं. वेगात पातळ पोट लाटेवर आपटतं, पत्रा लवतो, आणि प्रत्येक रिपीटचं भोक केसाएवढं लांबट होत जातं. जुन्या लाकडी होडीच्या फटी लाकूड पाणी पिऊन फुगलं की थोड्याफार मिटायच्या. पत्र्याला ती समज नाही.

गळतं रिपीट शोधायची रीत सोपी आहे. होडी खळ्यात टायरांवर ठेवायची, आत चार बोटं पाणी भरायचं, आणि खाली वाकून जिथे थेंब धरेल तिथे मार्करने खूण करायची. पहिल्यांदा ११ खुणा झाल्या. अकराही ठोकून घट्ट केले. पुढच्या मे महिन्यात १७, आणि गंमत म्हणजे जुन्या अकरांतला एकही नाही, सगळे त्यांचे शेजारी! एक घट्ट झाला की झटका पुढच्यावर जातो. त्याच्या पुढच्या वर्षी मी मोजले नाहीत. सांध्यात दोन पत्रे एकमेकांवर बसलेले, मध्ये खारं पाणी अडकून पांढरी पूड धरायला लागली होती आणि तिथला रंग फुगला होता. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पाठ मोडून होडीखाली झोपायचं, हे मला झेपेना.

आर्गनच्या होडीला आता चार पावसाळे झाले. आत जे पाणी असतं ते माझ्याच पायांनी आलेलं. पातळ पत्र्याचा तो डब्यासारखा आवाजही कमी झाला, नांगर टाकून बसल्यावर हे फार जाणवतं. तिची खोट म्हणजे दुरुस्ती. खडकावर फाटली तर रिपीटच्या होडीला गावातच ठिगळ लागतं, हिला पुन्हा ते एसी मशीन गाठावं लागेल, आणि मिठाने मुरलेल्या पत्र्यावर वेल्ड फुटाण्यासारखा भोकाभोकांचा होतो. सुदैवाने अजून वेळ आली नाही.

दोघींना सारखंच लागू असलेलं एक सांगून ठेवतो. तांब्याचा अंश असलेला तळरंग लावू नका, मशीनचे बोल्ट नायलॉनच्या वॉशरवर बसवा, आणि तळाशी पितळी कडी किंवा शिसं पडू देऊ नका. माझ्या पहिल्या होडीत एका पितळी कडीने ओल्या जागी पत्र्यात खड्डा पाडला होता.

खर्च मला आर्गनचा साधारण दीडपट आला, त्यात तीन महिन्यांच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत. वल्ह्यावर चालवणार असाल, गोड्या पाण्यात किंवा होडी दर वेळी घरी नेणार असाल, तर रिपीटला नाव ठेवायला जागा नाही. खाडीत मशीन लावून जाणार असाल तर, माझ्या मते, वेल्डिंगसाठी थांबलेलं बरं.

रिपीटची होडी मी मेव्हण्याला दिली. तो ती उजनीवर भिगवणच्या बाजूला वल्ह्यावर चालवतो, चिलापी धरतो. परवा फोनवर म्हणाला, “दाजी, तुम्ही उगाच बोंब मारत होता, एक थेंब गळत नाही.”