देवगड स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान: प्रिंट मिळाली नाही, तरी साडेतीन स्टार

हापूसच्या हंगामात वाशीहून पेट्यांचे पैसे माझ्या खात्यावर येत असतात. नेमका तेव्हाच बँकेच्या नावाने मेल आला: 'प्रिय ग्राहक, आपली केवायसी अपुरी आहे, आज रात्री 12 नंतर खाते गोठवले जाईल, सोबतचा फॉर्म भरा.' माझी पाचावर धारण बसली. मोबाइलवर फॉर्म उघडेना, म्हणून प्रिंट काढायला या दुकानात गेलो.

पोरगा प्रिंट द्यायलाच तयार नाही. "काकानू, हो मेल बँकेचो नाय." अरे, वर नाव बघ, लोगो बघ! त्याने नावावर क्लिक केलं, तर मागे कुठल्यातरी जीमेलचा पत्ता निघाला. मग निळ्या बटणावर माउस नुसता नेऊन ठेवला, दाबला नाही. खाली कोपऱ्यात लिंक उमटली. सुरुवातीला बँकेचं नाव होतं अगदी ठसठशीत, पण शेपूट 'डॉट एक्सवायझेड'! पत्ता शेपटाकडून वाचायचा म्हणे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं, हे मला इथेच कळलं. हेच शब्द मध्ये घुसडून शेवटी 'डॉट कॉम' लावलेलं असेल, तर ते बनावट. मोबाइलवर लिंक दाबून धरली की पत्ता दिसतो, पण बोट घसरलं तर उघडते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पत्त्याजवळ कुलूप दिसलं की साइट खरी, हा माझा समजही गेला. आपलं बोलणं मधल्या वाटेवर कोणी ऐकू नये म्हणून ते कुलूप. पलीकडे चोरच बसला असेल तर ते काय करणार?

पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, हा नंबर त्याने पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. तेच पासबुक घेऊन शाखेत गेलो. खात्याला काही झालेलं नव्हतं.

दीड स्टार कापला, कारण लोकांची आधार कार्डं स्कॅन करून कॉम्प्युटरवर तशीच ठेवलेली असतात, कुणालाही दिसतील अशी. माझं मेल लॉगआउट करायचंही मलाच सांगावं लागलं. दुसऱ्याची चोरी पकडणाऱ्याने आपलं दार उघडं ठेवावं, हे काय?

खुर्ची एकच. प्रिंटवर काळी रेघ येते. दुपारी 1 ते 4 बंद, मालक जेवून झोपतात.