गिअर शिफ्टरच्या नावाखाली १५,७४९ रुपये गेले, सेकंडहँड घेणाऱ्यांनी वाचा

दोन महिने लिहू की नको चाललं होतं. लाज वाटत होती म्हणून गप्प बसलो, पण मागच्या रविवारी जे दिसलं त्यानंतर गप्प बसवेना, ते शेवटी सांगतो. कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हिंग गेमला लावायची गिअरची दांडी, म्हणजे शिफ्टर, सेकंडहँड घेताना फसलो. आधी आकडा सांगून टाकतो. टोकन १,५००, उरलेले ८,०००, पॅकिंग आणि इन्शुरन्सचे १,२५० आणि "रिफंड"च्या नावाखाली ४,९९९. एकूण १५,७४९ रुपये. चारही वेळा पिन मीच टाकलाय, माझ्याच मोबाईलवर, त्यामुळे हॅक झालं वगैरे काही नाही.

मी सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, ११ वर्षं झाली. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांच्या चुका पकडणं हेच काम. हे मुद्दाम सांगतोय कारण घरी हेच ऐकवतात, की तिकडे केसभर फरक दिसतो आणि इथे डोळ्यासमोरचं दिसलं नाही. ऐकून घेतो, करणार काय.

शिफ्टर माझ्यासाठी नव्हताच. अण्णांनी २६ वर्षं ४०७ टेम्पो चालवला, नाशिकचा भाजीपाला वाशीला, बहुतेक रात्री कसारा घाटातून. डोळ्यांमुळे लायसन रिन्यू झालं नाही तेव्हापासून ते गॅलरीत बसून खालच्या गाड्यांचे गिअर ऐकत बसतात आणि "चुकला, थर्ड टाकायला हवा होता" असं म्हणतात. माझ्याकडे सेकंडहँड लॉजिटेक जी२९ आहे, म्हणजे गेमचं स्टिअरिंग व्हील, तीन पेडल, क्लच पण आहे. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा ट्रक चालवायचा गेम लावून दिला तर अण्णा दहा मिनिटात उठले. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणं त्यांना पटेना. म्हणाले डावा हात रिकामा राहतो रे, गाडी चालवल्यासारखं वाटतच नाही. म्हणून ठरवलं की एच पॅटर्नचा, म्हणजे खऱ्या गाडीसारखा दांडीचा शिफ्टर घ्यायचाच.

आता कोणी म्हणेल लॉजिटेकचाच घ्यायचा ना, तो सरळ व्हीलला लागतो. बरोबर आहे, पण तो सहा गिअर आणि रिव्हर्स, वापरून बघितलाय, हाताला हलका लागतो. थ्रस्टमास्टरचा टीएच८ए आतून धातूचा आहे, सात गिअर आणि रिव्हर्स, सेन्सर मॅग्नेटवरचा म्हणजे घासून झिजायचा प्रश्न नाही, आणि पीसीला स्वतःच्या यूएसबीने लागतो त्यामुळे व्हील कुठल्या का कंपनीचं असेना. अण्णांच्या हाताला तोच पटला असता. नवीन माझ्या बजेटच्या दुप्पट होता, म्हणून सेकंडहँड शोधत होतो, हौस म्हणून नाही.

एका ॲपवर ९,५०० ला दिसला. माणूस पिंपरीचा म्हणाला, जर्मनीला नोकरी लागली म्हणून सगळं विकतोय. स्वच्छ मराठी, प्रत्येक वाक्यात दादा. मी म्हटलं येतो घ्यायला, तर म्हणे सामान पॅक झालंय दादा, शनिवारी फ्लाइट, कुरिअरच करतो. कॅश ऑन डिलिव्हरीला नाही म्हणाला. (हे ऐकलं की तिथेच फोन ठेवा, पुढे वाचायची पण गरज नाही.) व्हिडिओ पाठवला, त्यात शिफ्टर मस्त चालत होता. व्हिडिओ कोणाचा पण असू शकतो हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याला कागदावर माझं नाव आणि आजची तारीख लिहून शिफ्टरसोबत फोटो मागितला.

फोटो आला. नाव बरोबर, तारीख बरोबर. कागद केबलवर ठेवलेला आणि कागदाच्या खालून प्लगचं टोक बाहेर आलेलं. मी झूम करून बघितलं. नऊ पिनांचा प्लग. हा लॉजिटेकचा प्लग आहे. माझ्या व्हीलला हाच सॉकेट आहे, रोज बघतो मी तो! टीएच८एला असला प्लग असायचं कारणच नाही. आणि मी विचारलं सुद्धा, "ही केबल वेगळी दिसतेय". तो म्हणाला "दादा ॲडाप्टर लावलाय". आणि मी "ओके" लिहिलं.

ते ओके मी किती वेळा उघडून वाचलंय सांगू शकत नाही. रात्री ९:४० चं आहे. मला पटलं कारण असे ॲडाप्टर खरंच मिळतात, नऊ पिनांचा लॉजिटेक शिफ्टर व्हीलशिवाय यूएसबीला लावायला. म्हणजे तो बोलला ते हवेतलं नव्हतं, या विषयातलं थोडं माहीत असणाऱ्यालाच पटेल असं उत्तर होतं. पण ज्या शिफ्टरला स्वतःची यूएसबी आहे त्याला ॲडाप्टर कशाला लागेल, हा साधा प्रश्न मला तीन दिवसांनी अंघोळ करताना सुचला. तोपर्यंत टोकन आणि ८,००० गेले होते, आणि वर "इन्शुरन्सचे परत मिळतात दादा" म्हणून १,२५० पण.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. पावतीवर पाठवणाऱ्याचं गाव पिंपरी नाही, वेगळ्याच राज्यातलं. वजन बरोबर लागत होतं. डिलिव्हरीवाला उघडेपर्यंत थांबायला तयार नव्हता, मी व्हिडिओ चालू ठेवून उघडलं (हे एक बरं केलं). आत लॉजिटेक शिफ्टरचा रिकामा सांगाडा. वरची दांडी आहे, खालून बघितलं तर आत बोर्ड नाही, स्प्रिंग नाही, केबल मुळापासून कापलेली. वजन भरायला स्पंजात गुंडाळलेले फरशीचे तीन तुकडे, त्यातल्या एकाला अजून सिमेंट चिकटलेलं. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी दांडी हातात घेतली, सेकंडला ओढली, ती नुसतीच लुळी पडली. म्हणाले "याला गेटच नाही", म्हणजे गिअर बसायची खाचच नाही, आणि आत निघून गेले. मला तिथे काय वाटलं ते लिहित नाही.

त्याला फोन केला तर घाबरल्यासारखं करून म्हणे कुरिअरमध्ये माल बदलला असणार दादा, मी आत्ता क्लेम टाकतो. अर्ध्या तासात "कुरिअर कंपनी"तून फोन, ४,९९९ चा पहिला हप्ता परत येतोय, कोड स्कॅन करा. मी शिफ्टमध्ये होतो, मशीनचा आवाज, मागे सुपरवायझर, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात रिफंड लिहिलेलं, स्कॅन केलं आणि पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. मला हे माहीत होतं, मीच बायकोला शिकवलंय. पण १०,७५० गेल्यावर माणूस परत मिळतील या आशेवर असतो आणि या लोकांना तेच पाहिजे असतं.

बँकेत गेलो. नाव घेत नाही. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या पिन तुम्ही टाकला म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीने झाला, कस्टमर केअरला बोला. कस्टमर केअर म्हणे ब्रँचला अर्ज द्या. ब्रँच म्हणे २४ तास थांबा, रिव्हर्स होतात कधीकधी. मी थांबलो. हीच सगळ्यात मोठी चूक, कोणी थांबायला सांगितलं तरी थांबू नका, पहिल्या मिनिटाला १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच काहीतरी हाताला लागतं. मी लावला तेव्हा २६ तास उलटले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी ज्यांनी ऐकलं ते म्हणाले गिअर कुठल्या गाडीचा, आरसी बुक आणलंय का. मी समजावलं, कॉम्प्युटरला लावायचा आहे. तर शेजारचा म्हणतो लहान पोरांच्या खेळण्याला १५ हजार घालायचे असतात का. म्हणजे चोर राहिला बाजूला, मी काय घ्यायचं ते हे ठरवणार. अर्ज हाताने लिहा, दोन प्रती आणा, ट्रान्झॅक्शनच्या प्रिंट आणा, झेरॉक्सवाल्याकडे तीन चकरा. मग सांगितलं ही सायबरची केस आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर रक्कम लहान आहे, आधी तुमच्या हद्दीतच द्या. मी परत आलो तर आरोपी बाहेरचा आहे, हद्द लागत नाही! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी प्रिंट काढून नेली होती. वाचली नाही, तिच्यावर चहाचा कप ठेवला. चार हाफ डे गेले माझे, पगार कापला तो वेगळाच, तो १५,७४९ मध्ये धरलेला नाही. ऑनलाइन पोर्टलवर तक्रार केलीये तिचं स्टेटस आजही "अंडर प्रोसेस" आहे.

शिफ्टर घेणाऱ्यांनो, व्हिडिओ मागू नका, व्हिडिओ कॉल मागा. कॉलवर त्याला विंडोज की आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल (joy.cpl, गेमची उपकरणं तपासायची विंडोजची खिडकी) उघडायला लावा, प्रॉपर्टीजमध्ये जा म्हणावं आणि तुम्ही सांगाल त्या क्रमाने गिअर टाकायला सांगा, पाचवा, दुसरा, रिव्हर्स. एच पॅटर्नमध्ये गिअर टाकलेला असेपर्यंत त्या बटणाचा दिवा पेटलेला राहतो आणि न्यूट्रलला सगळे विझतात. नुसता लुकलुकला तर काहीतरी गडबड आहे. केबलचं टोक कॅमेऱ्यासमोर धरायला लावा. टाळाटाळ केली तर सोडून द्या, दुसरा मिळेल. चॅट लगेच एक्स्पोर्ट करून ठेवा, मला त्याने ब्लॉक केलं तेव्हा डीपी गेला, ॲपवरची जाहिरात पण गेली. प्रत्येक पेमेंटचा १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा नंबर) वहीत लिहा, सगळीकडे तोच विचारतात.

आता रविवारचं. दुसऱ्या नावाने, दुसऱ्या गावातून, तोच शिफ्टर ९,२०० ला विकायला आलाय. टेबल तेच, चादर तीच, फक्त कागद नाही त्यामुळे केबल पूर्ण दिसते, शेवटी तोच नऊ पिनांचा प्लग. स्क्रीनशॉट घेऊन सोमवारी ठाण्यात गेलो, म्हणाले जुन्या अर्जाला जोडून द्या. जोडून दिलाय. ॲपवर पण रिपोर्ट केलंय. आज सकाळी बघितलं तेव्हा जाहिरात चालूच होती आणि खाली सात जणांनी "अजून आहे का" विचारलंय. सातही जणांना मी मेसेज टाकलाय, दोघांनीच वाचलाय.