ओतावालोची सहल रोखीने घेताय? आधी हे वाचा

एक्वाडोरला जाणार असाल आणि राजधानी कीतोत कुणी 'शनिवारचा ओतावालो बाजार आणि ऐतिहासिक हासिएन्दा (जुना जमीनदारी वाडा), एकाच दिवसात' असं पॅकेज गळ्यात मारू लागलं, तर पैसे देण्याआधी जरा थांबा. आमच्याकडून माणशी 95 डॉलर रोख घेतले आणि कबूल केलेल्यातलं जवळजवळ काहीच दाखवलं नाही.

ओतावालो कीतोच्या उत्तरेला, गाडीने दोनेक तासांवर आहे. तिथले मूळ रहिवासी किच्वा लोक पिढ्यानपिढ्या विणकर. शनिवारी प्लासा दे पोन्चोस हा चौक भरून बाजार आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरतो. जनावरांचा बाजार मात्र भल्या पहाटे भरतो आणि सकाळीच उलगडतो. आमची गाडी आली साडेनऊनंतर. म्हणजे तो बाजार हुकवायचाच होता, कारण तिथे गाडीवाल्याला कमिशन मिळत नाही.

कमिशन होतं ते वाटेतल्या एका 'कारखान्यात'. दारात एक म्हातारे गृहस्थ कमरेला पट्टा बांधून हातमागावर बसलेले. त्यांचं काम अस्सल होतं, नजर हटत नव्हती. पण वरच्या मजल्यावर विकायला ठेवलेला माल त्या मागावरचा नव्हताच. 'बेबी अल्पाका', म्हणजे अल्पाका या लामासारख्या जनावराची मऊ लोकर, म्हणून 85 डॉलरला एक शाल आमच्या माथी मारली. माझ्या सासऱ्यांनी इचलकरंजीत आयुष्यभर यंत्रमाग चालवले. हॉटेलवर त्यांनी शालीच्या झालरीतला एक धागा ओढला आणि काडी लावली. लोकरीचा असता तर केस जळल्यासारखा वास आला असता आणि राख बोटांनी चुरडली गेली असती. हा धागा वितळला, टोकाला टणक काळा मणी झाला. ॲक्रिलिक!

बाजारात ॲक्रिलिक विकतात याबद्दल माझी तक्रार नाही. तिथल्या कितीतरी घोंगड्या-शाली ॲक्रिलिकच्या किंवा मिश्र धाग्याच्या असतात आणि स्वस्तात मिळतात. चौकातल्या एका बाईंनी तर मी विचारताच तीन ढीग वेगळे करून दाखवले: हे मेंढीच्या लोकरीचं, हे मिश्र, हे निव्वळ ॲक्रिलिक. आमच्या शालीसारखीच दिसणारी त्यांच्याकडे 18 डॉलरला होती. पण गाडीवाल्याने बाजारासाठी जेमतेम पाऊण तास दिला. अशा सरळ माणसांचं गिऱ्हाईक हे दलाल वाटेतच पळवतात, याचा मला माझ्या पैशांपेक्षा जास्त राग आहे.

खरा धक्का हासिएन्दाच्या फाटकावर बसला. या जुन्या जमीनदारी वाड्यांचं मला फार कुतूहल होतं. वसाहतकाळात या भागात ओब्राखे म्हणजे कापडाचे कारखाने होते आणि तिथे मूळ रहिवाशांना जबरदस्तीने विणायला बसवत. पुढेही वेठबिगारी चालूच राहिली. तुकडाभर जमिनीच्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबायची 'उआसिपुंगो' पद्धत 1964 च्या जमीन सुधारणा कायद्याने बंद झाली. हे सगळं त्या भिंतींच्या आत उभं राहून ऐकायचं होतं. पावतीवर जेवणासह 'आतून दर्शन' असं लिहिलेलं होतं. पहारेकऱ्याने पावती पाहिली, आत फोन लावला, मग एक बाई बाहेर आल्या. दिवसाच्या पाहुण्यांना आधी नोंदणी लागते, तुमच्या नावाची नोंदणी नाही आणि या एजंटाला आम्ही ओळखतही नाही, असं त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं. तोवर आमचा गाडीवाला 'आज आत लग्न आहे' म्हणून मोकळा झाला होता. फाटकाबाहेर फोटो काढून घ्या म्हणाला.

कीतोत परतल्यावर एजंटाने दोन दिवस 'उद्या देतो' केलं, मग नंबर ब्लॉक केला. रोख दिल्यामुळे बँकही काही करू शकली नाही. आणि पावती? तिच्यावर रूक, म्हणजे तिथला 13 आकडी कर क्रमांकच नव्हता. पक्क्या बिलाला तिथे 'फाक्तुरा' म्हणतात. ते मागा. देणारा टाळाटाळ करू लागला तर उठून चालू पडा.

ओतावालोला जायला एजंट लागतच नाही. कीतोच्या कार्सेलेन स्थानकावरून दिवसभर बस सुटतात, तिकीट काही डॉलरचं. जनावरांचा बाजार बघायचा असेल तर शुक्रवारी रात्री ओतावालोतच मुक्काम करा. हासिएन्दाला स्वतः ईमेल करून तारीख पक्की करा आणि त्यांचं उत्तर फोनमध्ये जवळ ठेवा. सुट्टे डॉलरही न्या, 50 आणि 100 च्या नोटा बाजारात सहसा कुणी घेत नाही.