थंडीत कासव: रात्री परसात की पेटीत?

दिवाळी सरली की बेळगावात पहाटे स्वेटर निघतात, आणि आफ्रिकी सल्काटा पाळणाऱ्या घरांत वाद सुरू होतो: कासव रात्री परसातच राहू द्यायचं की पेटीत घ्यायचं? (आपल्याकडचं स्टार कासव असेल तर प्रश्नच मिटला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार ते पाळता येत नाही.)

परसाची बाजू भक्कम आहे. सल्काटा बीळ खणतं, दिवसभर गवत चरतं आणि कवचासाठी त्याला ऊन लागतंच. पण ते शीतनिद्रा घेणारं जनावर नव्हे. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री पारा 15 अंशांखाली उतरतो. अंग गार पडलं की पोटातला चारा नीट पचत नाही. त्याहून वाईट म्हणजे थंडीला ओलीची जोड. अथणीकडची कोरडी थंडी एखादं मोठं कासव बिळात सोसेलही. खानापूरकडे दवाने भिजलेल्या मातीत मात्र आधी नाक गळतं, मग तोंडाने श्वास, मग न्यूमोनिया.

पेटीत ऊब हमखास. तळाला वाळलेलं गवत, वर थर्मोस्टॅटचा सिरॅमिक हीटर. लाल बल्ब नको, रात्री अंधारच हवा. वीज गेली तर प्लग काढून वर गोणपाट टाकायचं, हवेला फट ठेवून.

पण 30 किलोचं धूड रोज उचलणार कोण? म्हणून माझ्या मते मोठ्याची पेटी परसातच, गोठ्यासारखी. पिल्लू मात्र घरात. दहाच्या सुमारास ऊन तापलं की दोघंही बाहेर.