वसईच्या गावातली हाताने कोरलेली पाटी : नाताळच्या ऑर्डरआधी वाचायचं परीक्षण

वसई पश्चिमेच्या गावांत घराला नाव असतं, आणि नावाची पाटी लाकडाची हवी असा आग्रह अजून टिकून आहे. वर लहानसा क्रूस, मध्ये नाव, खाली हवं तर बांधकामाचं साल. अशा पाट्या हाताने कोरणाऱ्या एका घरगुती कारखान्याच्या कामाचं हे परीक्षण. कारखाना म्हणजे घरामागची पडवी. बाप अक्षरं आखतो आणि कोरतो, बाकीचे घासतात, रंग भरतात. दुकान नाही आणि कॅटलॉगही नाही. काम उत्तम आहे. फक्त डिसेंबरात घाईने करून घेतलं तर त्याच हातांचं काम दोन पावसाळेसुद्धा काढत नाही.

आधी लाकूड. नेहमीची पाटी साधारण १८ इंच लांब, ७ इंच रुंद आणि १ इंच जाड, सीपी म्हणजे मध्य प्रांतातल्या सागवानाची. गाठ आणि पांढरं लाकूड इथे काढून टाकतात, हे मोठं. ओलावा मीटर लावून दाखवायला सांगा, दाखवतात. किनाऱ्यावरच्या हवेत १२ ते १४ टक्के हा आकडा ठीक. भट्टीत ८ टक्क्यांपर्यंत सुकवलेली फळी कागदावर छान वाटते, पण ती जूनमध्ये फुगते. ७ इंच रुंदीची सागाची फळी मे ते ऑगस्टमध्ये एक-दीड मिलिमीटर सहज हलते, त्यामुळे स्क्रूची भोकं गोल न ठेवता रुंदीच्या दिशेने जरा लांबट ठेवायची असतात. इथे ती तशी मिळतात. पाटी झाकलेल्या ओट्यावर लागणार असेल तर शिवण झाडाचं लाकूड मागा. ते वजनाला हलकं, कमी हलणारं आणि पटाशीखाली सरळ कापलं जाणारं असतं.

अक्षरं दोन तऱ्हेची : खोदलेली आणि उठावाची. देवनागरीसाठी खोदलेलीच घ्यावीत, असं आमचं स्पष्ट मत. उठावाच्या अक्षरात अनुस्वाराचा टिंब आणि वेलांटीचं टोक आखूड रेषेच्या, म्हणजे तुटक तंतूंच्या लाकडावर उभं राहतं, हात लागला की उडतं. खोदकाम इथे इंग्रजी व्ही आकाराचं करतात, ६० अंशांचं. म्हणजे अक्षराच्या १० मिलिमीटर रुंद दांड्याला सुमारे साडेआठ मिलिमीटर खोली येते आणि सावलीतही अक्षर उठून दिसतं. काही ठिकाणी मेहनत वाचवायला ९० अंशांचं खोदतात. तेव्हा त्याच दांड्याला जेमतेम ५ मिलिमीटर खोली मिळते आणि रंग उडाला की नावही जातं.

देवनागरीत खरी परीक्षा शिरोरेषेची. ती लाकडाच्या रेषेला समांतर जाते, त्यामुळे पटाशी रेषेच्या मागे घसरते आणि ओळ वाकडी होते. उभे दांडे रेषेला आडवे. पटाशी बोथट असेल तर तिथे लाकूड कापलं न जाता उपटलं जातं. दांडा शिरोरेषेला मिळतो तो कोपरा आणि ‘क’, ‘भ’ यांच्या पोटातली लहान जागा नीट पाहा. तिथे ढलपी उडून लांबीने (पुट्टीने) बुजवलेली असेल तर उन्हात ती जागा वेगळ्या रंगाची दिसू लागते. या कारखान्याच्या पाट्यांत हे कोपरे स्वच्छ आहेत. मशीनवर सरळ बिटने (फिरत्या पात्याने) काढलेल्या पाटीत आतले कोपरे गोल राहतात, त्यावरून ओळखता येतं. व्ही बिटचं मशीनकाम मात्र बरंच चांगलं असतं, त्याला उगाच नावं ठेवू नयेत.

नाव कागदावर पूर्ण आकारात मागवा आणि भिंतीला चिकटवून दहा फुटांवरून वाचा. जोडाक्षरं असलेली आडनावं फोनवरून सांगू नका. जुन्या फाँटमधून नव्यात येताना ‘श्र’ आणि रफार हमखास बिघडतात. हिशोब अक्षरागणिक असल्यामुळे मात्रा-वेलांट्या धरल्या आहेत का, तेही तेव्हाच विचारा.

आता फिनिश, कारण बहुतेक तक्रारी इथल्याच. साग तेलकट लाकूड. थिनरने पुसून न घेता पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलं तर ते नीट धरत नाही आणि सर्वांत आधी अक्षराच्या धारेवर सोलतं, कारण धारेवर थर पातळ बसतो. रंग भरण्याआधी खोबणीत चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) किंवा सीलरचा हात हवा. नाहीतर इनॅमल सागाच्या छिद्रांतून पसरतो आणि अक्षराला केस फुटल्यासारखं दिसतं. मागची बाजू आणि दोन्ही टोकं सीलबंद आहेत ना, ते पाटी उलटी करून बघा. पुढेच पॉलिश केलेली फळी पन्हाळीसारखी वाकते. या कारखान्याची मागची बाजू पुढच्याइतकीच नीट असते. सोनेरी अक्षरं हवी असतील तर खरा वर्खच घ्या. पितळी वर्ख आणि सोनेरी रंग खाऱ्या वाऱ्यात काळवंडतात. कच्चं जवस तेल नको म्हणून सांगा, दमट हवेत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात.

इनॅमल हाताला सुकतो सहा-आठ तासांत, पण पक्का व्हायला आठवडा लागतो. २० डिसेंबरला रंगवलेली पाटी २२ तारखेला बबल रॅपमध्ये गेली की प्लास्टिकचे गोल ठसे अक्षरांवर उमटतात. पावसाळ्यात इथे फक्त कोरतात, तेल-पॉलिश ऑक्टोबरपासून. म्हणून ऑर्डर गणपतीच्या सुमारास द्यावी आणि पाटी नोव्हेंबरअखेर उचलावी. नाताळ ते तीन राजांचा सण, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, पडवी बंद असते. त्या दिवसांत फोन करून घाई करणं बरं नव्हे.

बसवताना लोखंडी स्क्रू अजिबात नकोत. सागातल्या टॅनिनशी मिळून ते भोवती काळा डाग पाडतात. पितळी किंवा ३१६ स्टेनलेस घ्या आणि भिंतीपासून ५-६ मिलिमीटरचं अंतर ठेवा, म्हणजे मागे पाणी अडकत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला हाच कारखाना स्वयंपाकघरासाठी दोन वस्तू करतो. कुलकुल या नाताळच्या तळलेल्या गोड पदार्थाची खाचांची फळी घेण्यासारखी आहे : ६ इंच बाय ३ इंच, खाच २ मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल. यापेक्षा उथळ खाच तळताना पीठ फुगलं की नाहीशी होते. खाचांमधल्या कडा गोलसर घासलेल्या आहेत. त्या धारदार असत्या तर मैद्याची पातळ पारी फाटली असती. कुलकुल गुंडाळल्यावर शेवटची कड मात्र दाबायलाच हवी, नाहीतर कढईत उलगडतो, आणि तो दोष फळीचा नाही.

मार्झिपानचे, म्हणजे काजू-साखरेच्या मिठाईचे, शिसवी साचे दिसायला देखणे, पण सगळेच सारखे नाहीत. नक्षीच्या बाजू बाहेरच्या दिशेने तिरक्या हव्यात. गुलाबाच्या साच्यात पाकळ्या आतून पोखरल्या आहेत, त्यामुळे काजूचा गोळा तिथे अडकून तुटतो. मासा आणि तारा घ्या, गुलाब नको. तूप लावू नका, ते नक्षीत साचतं; पिठीसाखर भुरभुरवून जास्तीची झटकून टाका. वापरल्यावर पाण्यात भिजत न ठेवता कोरड्या ब्रशने साफ करा. स्वयंपाकाच्या वस्तूंना पाटीचं पॉलिश लावलेलं नसावं, हे सांगून घ्या. इथे त्यांना खोबरेल तेलाचा हात देतात.

नाताळात येशूजन्माचा देखावा मांडतात त्या गोठ्याची लाकडी चौकटही मिळते. तिच्यात गहू किंवा नाचणी पेरून हिरवळ करणार असाल तर माती थेट फळीवर घालू नका, आत पत्र्याचा ट्रे ठेवा. प्लायचा तळ दहा दिवसांच्या ओलीत सुटतो.

दुरुस्ती हा या कारखान्याचा फारसा न सांगितला जाणारा गुण. खोल कोरलेली जुनी पाटी परत नेली तर खरवडून, १२०, १८०, २४० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा रंग भरून देतात. दुसऱ्याने केलेली पाटीसुद्धा घेतात, मात्र तिची खोली ५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर सरळ नाही म्हणतात.