जळून गेलेल्या दप्तरातला कागद

आमच्या आत्येसासूबाईंच्या पलंगाच्या उशाशी दीड वर्ष एक चौकट लटकत होती. वर मुकुट घातलेला गरुड, खाली जुन्या जर्मन छापाची अक्षरं, त्याखाली शाईने लिहिलेलं त्यांच्या वडिलांचं नाव आणि कोपऱ्यात लाखेचा लाल शिक्का. वडील पहिल्या महायुद्धात प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याच्या, गार्ड रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट होते, त्यांना पहिल्या दर्जाचा आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळालं होतं, असं तो कागद सांगत होता. कागद खोटा निघाला. त्यापायी आमचे २,३४० डॉलर गेले. नवऱ्याला भरीला मीच घातलं होतं, म्हणून हे मीच लिहायला हवं.

मी माहेरची नाशिकची, गेली छत्तीस वर्षं अमेरिकेत, मिलवॉकीत. माझे आजेसासरे १८९६ साली पोमेरेनियात, प्रशियाच्या एका प्रांतात, जन्मले. १९२५ मध्ये ब्रेमरहाफेनहून जहाजाने न्यूयॉर्कला उतरले आणि इथे मिलवॉकीत कातडी कमावायच्या कारखान्यात लागले. लढाईबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. ते गेले तेव्हा माझा नवरा दहा वर्षांचा होता. त्यांचं गाव कुठलं, आईवडील कोण, कुठल्या पलटणीत होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या माहेरच्या सात पिढ्यांची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आहेत. सासरी मात्र पणजोबांचं नावही कुणाला सांगता येत नाही, हे मला फार लागायचं. आत्येसासूबाई नव्वदीला आल्या तेव्हा वाटलं, आता नाही शोधलं तर राहूनच जाईल.

मी इंटरनेटवर चौकशी टाकली आणि दुसऱ्याच दिवशी एकाचा निरोप आला. तो म्हणे जर्मनीत राहून लष्करी दप्तरांत शोध घेतो. बोलणं अदबीचं. दर पत्रात आत्येसासूबाईंच्या तब्येतीची विचारपूस. सुरुवातीला शोधाचे १८० डॉलर. तीन आठवड्यांनी कळवलं की फाइल सापडली, पॉट्सडॅमच्या लष्करी दप्तरात आहे. मग ती उघडायचे ४५०. साक्षांकित प्रतीचे ३१०. वंशवृक्ष आणि घराण्याचं मानचिन्ह यांचे ५००. दर वेळी तो थोडंसंच दाखवायचा, कधी पानाचा अर्धा फोटो, कधी एखादी तारीख, आणि बाकीचं पैसे पोचल्यावर. शिवाय घाई. दप्तर महिनाअखेरीस दुरुस्तीसाठी बंद होणार, मग दोन वर्षं काही मिळणार नाही. आत्येसासूबाईंचं वय त्याला आम्हीच सांगितलं होतं. दोन वर्षं हा आकडा त्याने कुठून काढला ते आता कळतं.

पहिली रक्कम त्याने कार्डावर घेतली, पुढच्या सगळ्या वायर ट्रान्सफरने, दर वेळी वेगळ्या देशातल्या खात्यावर. मी त्यावरही विश्वास ठेवला.

शेवटी त्याने मुलाच्या जर्मन पासपोर्टचा विषय काढला. या कागदाच्या आधारावर नागरिकत्व मिळेल, त्याचे वेगळे ९०० डॉलर, शिवाय घरच्यांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत. आम्ही तीही पाठवली. ज्यांना कुणी असं आमिष दाखवत असेल त्यांनी हे नीट वाचा. १९१३ च्या जर्मन कायद्याप्रमाणे परदेशी स्थायिक झालेल्या जर्मन माणसाने आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की त्याचं जर्मन नागरिकत्व सुटायचं. आजेसासरे १९३० मध्ये अमेरिकन नागरिक झाले आणि माझे सासरे जन्मले १९३२ मध्ये. धागा तिथेच तुटला होता. त्या १९३० च्या नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आमच्याच कपाटात होतं.

कागद आला त्या दिवशी आम्ही तो चौकटीत बसवून आत्येसासूबाईंकडे घेऊन गेलो. त्या रडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला त्या तो दाखवायच्या.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचं शिवणाचं खोकं आवरताना तळाशी एक पोस्टकार्ड मिळालं. फोटोचं कार्ड. विशीतला एक मुलगा, डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, त्याच्या कापडी खोळीवर ५४ हा आकडा. मागे पलटणीचा पुसट शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेला मजकूर, कुणालाही न वाचता येणाऱ्या लिपीत. कुरेंट म्हणतात तिला. आपल्या मोडीसारखंच तिचं झालंय, आजचे बहुतेक जर्मनही ती वाचू शकत नाहीत. चर्चमधले एक निवृत्त जर्मन शिक्षक ती वाचतात असं कळलं, त्यांना मी घरी बोलावलं. कार्ड त्यांनी तिथल्या तिथे वाचून कागदावर उतरवून दिलं. मग मी मोबाइलवर चौकटीचा फोटो मोठ्या अभिमानाने दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. ‘डीन्स्ट’, म्हणजे सेवा. जुन्या जर्मन छापात शब्दाच्या मधला स उंच, काठीसारखा असतो, आणि शब्दाच्या शेवटी येतो तो आखूड, गोल. या कागदावर सगळीकडे गोलच होता. कुणीतरी आजच्या संगणकावर जुन्या वळणाची अक्षरं निवडून टाइप केलं होतं. हाताने लिहिलेलं नाव झ्युटरलिन वळणाचं होतं, आणि ते वळण प्रशियाच्या शाळांत शिकवायला लागले १९१५ पासून. १९१६ च्या कागदावर लष्करातला कारकून तसं लिहील कसं? आणि मग त्यांनी विचारलं, हे आलं कुठून? मी म्हटलं, पॉट्सडॅमच्या लष्करी दप्तरातून. ते म्हणाले, ते १९४५ च्या एप्रिलमध्ये जळालं.

खरंच जळालं. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी पॉट्सडॅमवर बॉम्ब टाकले, त्यात प्रशियाच्या सैन्याचं दप्तर गेलं. पहिल्या महायुद्धातल्या प्रशियाच्या साध्या शिपायांच्या सेवेच्या नोंदवह्या जवळजवळ सगळ्या त्यातच संपल्या. बव्हेरियाचं सैन्य वेगळं होतं, त्याच्या वह्या म्युनिकला सुखरूप आहेत. व्युर्टेंबर्गच्या श्टुटगार्टला आहेत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढलेले असतील तर बर्लिनला विचारायचं. तिथलं १९३९ पासूनचं चौकशी कार्यालय २०१९ मध्ये जर्मन संघराज्याच्या दप्तरात विलीन झालं, आणि त्याचा अर्ज कुणीही स्वतः भरू शकतो. पण पोमेरेनियाच्या शिपायाची पहिल्या महायुद्धातली ‘संपूर्ण फाइल’ पॉट्सडॅमहून आणून देतो म्हणणारा माणूस राख विकतोय. मानचिन्हाचंही तेच. जर्मनीत मानचिन्ह आडनावाला नसतं, एका माणसाला आणि त्याच्या वंशाला असतं. नुसतं आडनाव सांगून विकत मिळणारं चित्र म्हणजे नुसतं चित्र.

खरी माहिती मग दोन महिन्यांत हाती आली, आणि तिला एक पैसा लागला नाही. २७ एप्रिल १९४२ ला अमेरिकेने ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांचीही लष्करी नोंदणी केली होती. त्यात आजेसासऱ्यांचं कार्ड मिळालं, जन्मगावासकट. कारकुनाने गावाचं नाव चुकीचं लिहिलं होतं, ते १९१२ च्या मायर्सच्या जर्मन गावांच्या स्थलकोशात ताडून पाहिलं. कोलबेर्ग जिल्ह्यातलं खेडं, आता पोलंडमध्ये. ५४ नंबरची पलटण कोलबेर्गचीच. लढाईच्या काळात छापलेल्या हताहतांच्या याद्या जर्मनीतल्या स्वयंसेवकांनी नावानिशी उतरवून ठेवल्यात, ८० लाखांहून जास्त नोंदी, सगळ्यांना खुल्या. १९१५ च्या यादीत ते सापडले: पलटण ५४, नाव, गाव, किरकोळ जखमी. हुद्दा शिपाई. जन्माच्या नोंदीसाठी कोशालिनच्या पोलिश दप्तराला मी पत्र लिहिलंय, उत्तराची वाट बघतेय. फसवणाऱ्याने पाठवलेल्या वंशवृक्षातलं एकही गाव या जिल्ह्यातलं नाही.

पैशांपैकी कार्डावरचे १८० परत मिळाले, बाकीचे गेले. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे तक्रार केली. पासपोर्टची प्रत बाहेर गेली असल्यामुळे इथे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे आमच्या नोंदी गोठवल्या, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला सहजी कर्ज किंवा कार्ड काढता येऊ नये. २०१८ पासून त्याला पैसे पडत नाहीत, आणि कुणाचीही कागदपत्रं अशी गेली असतील तर आजच करा. आम्हाला उशीर झाला. तोवर नवऱ्याच्या नावावर कुणीतरी एका क्रेडिट कार्डासाठी अर्ज करून झाला होता.

आत्येसासूबाईंना सांगायचं की नाही यावर घरात आठवडाभर वाद झाला. नवरा म्हणाला, राहू दे, किती दिवस उरलेत त्यांचे. मला ते पटेना. त्यांच्या वडिलांच्या जागी कुणा परक्याने रचलेला माणूस भिंतीवर टांगलेला होता. शेवटी आम्ही दोघं गेलो, चौकट उतरवली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, “म्हणजे लेफ्टनंट नव्हते?”

“नव्हते. शिपाई होते.”

बराच वेळ त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कार्डावर काय लिहिलंय ते वाच.” मी वाचलं. प्रिय आई, पाय आता बरा आहे, काळजी करू नकोस. घोडी व्याली का ते कळव.

त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या गल्लीत दूधवाल्याची गाडी यायची. वडील रोज थांबून त्या घोड्याशी बोलायचे, घरात कधी बोलले नाहीत अशा जर्मनमध्ये.